आधी दगड, मग मासा: स्टिफोडॉन गोबीसाठी घरातला ओढा

दुकानातल्या टँकमध्ये हा मासा बहुतेक वेळा काचेलाच चिकटलेला दिसतो. बोटाच्या दोन पेरांएवढा, सडपातळ, चेहरा थोडा सरड्यासारखा. पाटीवर ‘कोबाल्ट गोबी’, ‘रेनबो गोबी’ नाहीतर नुसतंच ‘शेवाळ खाणारा मासा’ असं लिहिलेलं असतं. काचेवरचं शेवाळ साफ करायला एक बिनपगारी कामगार मिळाला, अशा समजुतीने लोक तो घरी नेतात. मीही तसाच नेला होता. टँक नवा कोरा, दगड घासूनपुसून धुतलेले, पाणी आरशासारखं. दोन महिन्यांत मासा वाळत वाळत गेला. अंगावर डाग नव्हता, बुरशी नव्हती, पाण्याच्या चाचण्याही ठीक होत्या. तो उपाशी मेला होता, आणि त्याच्यासमोर मी रोज मूठभर दाणे टाकत होतो.

त्यामुळे या लेखात मासा घरी आणायची पायरी बरीच उशिरा येते. त्याआधी दगडांचं काम आहे, आणि तेच जास्त आहे.

हा मासा कोण आणि राहतो कुठे

गोबी म्हणजे तळाशी राहणाऱ्या लहान माशांचा एक मोठा गट, आणि स्टिफोडॉन ही त्यातली एक प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा एक समूह. वेबर या प्राणिशास्त्रज्ञाने तिला १८९५ साली हे नाव दिलं. आज तिच्यात तीसहून अधिक जाती धरल्या जातात. श्रीलंकेपासून इंडोनेशिया, फिलिपिन्स, न्यू गिनी, उत्तरेला जपानची दक्षिण बेटं आणि पूर्वेला थेट पॉलिनेशियापर्यंत त्या पसरल्या आहेत. बहुतेक जाती ३ ते ६ सेंटिमीटरच्या. पोटाखालचे दोन पर एकमेकांना जुळून त्यांची वाटीसारखी चकती झालेली असते. ती खडकावर दाबली की मासा वाहत्या पाण्यात जागच्या जागी बसतो. तोंड खालच्या बाजूला असतं आणि वरच्या जबड्यावर फणीसारखी अतिशय बारीक दातांची रांग. हे दात चावायचे नाहीत, खरवडायचे आहेत.

नर आणि मादी शेजारी ठेवले तर एकाच जातीचे वाटत नाहीत. नर निळा, हिरवट, नारिंगी किंवा जवळजवळ काळा, जातीप्रमाणे आणि मूडप्रमाणे. मादी फिकट पिवळसर, अंगावर लांबीला धरून दोन गडद पट्टे. दुकानात निळ्या नरांवर नजर जाते आणि माद्या कोपऱ्यात कुठल्यातरी वेगळ्याच नावाने पडून असतात.

आता घर. यातल्या बहुतेक जाती बेटांवरच्या ओढ्यांत राहतात. ज्वालामुखीतून उठलेलं बेट म्हणजे मधोमध डोंगर आणि चहूबाजूंनी समुद्र. नद्यांना लांब वाहायला जागाच नसते. डोंगरावरून निघालेलं पाणी खडकांवरून उड्या मारत थोड्याच अंतरात समुद्राला मिळतं. हे ओढे उथळ आणि नितळ असतात, तळाला गोटे आणि वाळू, वर झाडीतून झिरपणारं ऊन. पावसात लोंढा आला की सगळं धुऊन निघतं, कोरड्या दिवसांत काही ओढे तुटक डबक्यांपुरते उरतात.

अशा ठिकाणी गोड्या पाण्याचा मासा टिकतो कसा, हा प्रश्न मला हे मासे पाळायला लागल्यावर बऱ्याच उशिरा पडला. उत्तर समुद्रात आहे. मादी ओढ्यातल्या दगडाखाली अंडी घालते. त्यातून निघालेली पिल्लं जेमतेम एक-दोन मिलिमीटरची असतात, आणि प्रवाह त्यांना वाहून समुद्रात नेतो. काही दिवसांत खारं पाणी गाठलं नाही तर ती मरतात. समुद्रात काही महिने काढल्यावर, काचेसारखी पारदर्शक अशी ती पुन्हा नदीच्या मुखाशी येतात आणि प्रवाहाविरुद्ध चढायला लागतात. ज्या ओढ्यात जन्म झाला त्याच ओढ्यात परत येतील असं नाही, शेजारच्या बेटावरही जातात. एखादा ओढा पुराने पुसला गेला किंवा आटला, तरी समुद्रातून नवी पिल्लं येऊन तो पुन्हा भरतो. ही पिल्लं थव्याने येतात तेव्हा माणसंही जाळी घेऊन वाट बघत असतात. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर याच कुळातल्या सिसिऑप्टेरस गोबीच्या पिल्लांना ‘बिशिक’ म्हणतात आणि तो तिथला मानाचा पदार्थ आहे.

चढण्याचाही एक हिशेब आहे. नदीच्या मुखाजवळ इलिओट्रिस नावाचे दबा धरून बसणारे मासे आणि कुलियासारखे चपळ शिकारी असतात. त्यांना धबधबा चढता येत नाही, चकतीवाल्या गोबींना येतो. स्टिफोडॉन यात अव्वल नाही. हवाईतली लेंटिपेस गोबी शंभर मीटरपेक्षा उंच कडे चढते, त्या मानाने ही ओढ्याच्या खालच्या आणि मधल्या टप्प्यात रमते. पण ओल्या उभ्या काचेवर चढायला तिला काहीच कष्ट पडत नाहीत. ही गोष्ट झाकणाच्या वेळी आठवायची आहे.

या सगळ्याचा पाळणाऱ्यासाठी अर्थ सरळ आहे. दुकानात येणारी जवळजवळ प्रत्येक स्टिफोडॉन ओढ्यातून पकडलेली असते. तिने आयुष्यात कधी दाणा पाहिलेला नसतो. पकडल्यापासून तुमच्या हातात येईपर्यंत कित्येक दिवस, कधी आठवडे, तिला खरवडायला काही मिळालेलं नसतं.

पहिली पायरी: दगड पिकवणे

‘पिकवणे’ हा शब्द मुद्दाम वापरतोय. गोबीचं अन्न म्हणजे दगडावरचा तो बुळबुळीत थर, ज्यावर पाय ठेवला की आपण घसरतो. त्यात सूक्ष्म शेवाळ, डायटम (एकपेशीय, तपकिरी शेवाळ), जीवाणू, आणि त्यांच्यात राहणारे डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव असतात. लांब केसांसारखं वाढलेलं हिरवं शेवाळ म्हणजे अन्न नव्हे. ते या दातांना खरवडता येत नाही. टँकमध्ये हिरवे तंतू लोंबताहेत म्हणून गोबीची चंगळ आहे, असं समजू नका.

गुळगुळीत, गोलसर गोटे घ्या. मुठीएवढ्यापासून नारळाएवढ्यापर्यंत, सोळा-अठरा तरी. चुनखडीचे नकोत. दगडावर व्हिनेगरचे थेंब टाका, फसफसलं तर बाजूला ठेवा. या माशाला थोडं जड, म्हणजे क्षार जास्त असलेलं, पाणी चालतं, पण महिन्यागणिक आणखी जड होत जाणारं पाणी चालत नाही. दगड ब्रशने घासून धुवा, साबण अजिबात नको. वाहत्या ओढ्यातून जिवंत थरासकट दगड उचलून आणायचा मोह होतो. तो टाळा. त्यासोबत काय काय घरात येईल ते आधी दिसत नाही, आणि त्या दगडाखाली कुणाचीतरी अंडी असू शकतात.

आता एक रुंद, उथळ टब घ्या. त्यात निम्मे दगड एका थरात मांडा आणि ते जेमतेम बुडतील इतकं पाणी घाला. हे पाणी जुन्या, चालू टँकमधून पाणी बदलताना काढलेलं असेल तर उत्तम. त्यातलं नायट्रेट (माशांच्या मलमूत्रातून शेवटी उरणारा क्षार) हेच शेवाळाचं खत. जुन्या फिल्टरचा स्पंज या पाण्यात एकदा पिळला की बियाणंही पडलं. टब दिवसाला चार-पाच तास ऊन लागेल तिथे ठेवा. ऊन नसेल तर एक साधा एलईडी दिवा दहा-बारा तास जवळून चालतो. एक एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) सोडून पाणी हलतं ठेवलं तर थर दाट आणि आखूड येतो, साचलेल्या पाण्यात तो लिबलिबीत होतो.

पहिल्या आठवडा-दीड आठवड्यात तपकिरी रंग चढतो. हे डायटम. नव्या टँकमध्ये लोक ज्याला वैतागून पुसून काढतात तेच, आणि गोबीला सगळ्यात जास्त आवडतं तेही तेच. मग हळूहळू हिरवट झाक येते. तीन-चार आठवड्यांत दगडावर नख ओढलं तर स्पष्ट रेघ उमटली पाहिजे. रेघ उमटत नसेल तर दगड अजून तयार नाही.

डासांची काळजी घ्या. टबावर जाळी ताणा, किंवा दर चार-पाच दिवसांनी पाणी पूर्ण ओतून नवं भरा. डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात, त्याआधी पाणी बदललं की साखळी तुटते.

हा टब कायमचा आहे, मासे आले म्हणून बंद करायचा नाही. निम्मे दगड टँकमध्ये, निम्मे टबात, आणि दर आठवड्याला दोन-तीन दगडांची अदलाबदल. टँकमधून चाटूनपुसून साफ झालेला दगड टबात जातो, पिकलेला टँकमध्ये येतो. पाळी चुकू नये म्हणून टबातल्या दगडांची रांग ठरवून ठेवा.

दुसरी पायरी: टँक आणि प्रवाह

उंची नको, लांबी हवी. ९० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद आणि ३० उंच असा टँक पाच-सहा गोबींना पुरतो. काठोकाठ भरला तर तो साधारण १२० लिटरचा होतो, पण तसा भरायचा नाही. पाणी वीस-बावीस सेंटिमीटर ठेवा. ओढाही उथळच असतो, आणि वरची कोरडी काच पळून जाण्याला थोडी अडवते.

मोठे दगड आधी थेट तळाच्या काचेवर, खाली पातळ फोमचा तुकडा घालून बसवा आणि मग वाळू टाका. उलट क्रमाने केलंत तर गोबी दगडाखालची वाळू उकरते आणि दगड कलतो. एकदा तसा दगड काचेवर आदळल्याचा आवाज मी रात्री ऐकलाय, काच वाचली हे नशीब. वाळू बारीक आणि गोल कणांची घ्या, दोन-तीन सेंटिमीटरचा थर पुरे. घाबरलेली गोबी तिच्यात शिरते, धारदार खडीत शिरली तर पोट सोलवटतं. दगडांच्या खाली बोट जाईल एवढ्या फटी ठेवा. प्रत्येक नराला स्वतःची एक फट लागते.

प्रवाहासाठी तासाला टँकच्या दहा ते पंधरा पट पाणी फिरवणारा पंप घ्या. वरच्या मापाच्या टँकमध्ये दगड आणि रिकामी उंची वजा जाता प्रत्यक्ष पाणी सत्तर-ऐंशी लिटर उरतं, म्हणजे तासाला ८०० ते १२०० लिटरचा पंप झाला. तो एका आखूड बाजूला, पृष्ठभागाच्या जरा खाली, लांबीच्या दिशेने तोंड करून लावा. समोरच्या टोकाला दोन-तीन मोठे दगड असे ठेवा की त्यांच्यामागे पाणी संथ राहील. सगळीकडे सारखीच धार ही चूक आहे. खऱ्या ओढ्यात धारेच्या हातभर अंतरावर संथ डोह असतो, मासा दिवसभर या दोन्हींत ये-जा करतो. पंपाच्या आणि फिल्टरच्या शोषणाऱ्या तोंडावर खरखरीत स्पंज हवाच. नाहीतर एक दिवस गोबी मोजताना एक कमी भरते आणि ती फिल्टरच्या पोटात सापडते.

प्रवाहाचं खरं काम प्राणवायू मिसळण्याचं आहे. पूर्ण संपृक्त पाण्यातही २० अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू असतो, ३० अंशांना तो साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास येतो. शिवाय उष्णतेत माशाची गरज वाढते. म्हणजे दोन्हीकडून कात्री. २२ ते २७ अंश हा चांगला पट्टा. त्यावर जायला लागलं तर पृष्ठभाग जास्त खळबळेल असं करा, गरज पडली तर पंखा लावा. वीज जाते तिथे बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप भरलेला ठेवा. साचलेल्या पाण्याची सवय असलेला मासा वीज नसताना जितका वेळ काढेल तितका हा काढणार नाही.

पाण्याचा सामू (पीएच) ६.५ ते ७.५ असला की झालं. या आकड्यांवर लोक फार जीव काढतात. अमोनिया आणि नायट्राइट (माशांच्या मलमूत्रातून तयार होणारी विषारी द्रव्यं) शून्य, नायट्रेट लिटरमागे २० मिलिग्रॅमच्या खाली, पाणी खळाळतं, हे जमलं तर सामूच्या दशांशांसाठी झोप घालवू नका.

दिवा झगझगीत आणि दिवसाला आठ-दहा तास. इथे आपल्याला शेवाळ हवंच आहे. पुढची काच पुसा म्हणजे मासे दिसतील, मागची आणि बाजूची पुसू नका. झाडं लावायची असतील तर दगडावर बांधलेली जावा फर्न किंवा अनुबियास ठीक. नाही लावली तरी काही बिघडत नाही, गोट्यांचा टँक मला तरी जास्त खरा वाटतो.

झाकण

छोटी गोष्ट, पण मासे इथेच जातात. गोबी उडी मारण्यापेक्षा चढून जाते. पंपाची वायर, हीटरची वायर, एअरची नळी जिथून बाहेर येते ती फट स्पंजच्या तुकड्याने घट्ट बंद करा. पेन्सिल जाईल एवढ्या भोकातून पूर्ण वाढलेली गोबी जाते. पहिल्या दोन आठवड्यांत जास्तच, कारण नवी जागा म्हणजे तिच्यासाठी अजून पार न केलेला धबधबा.

तिसरी पायरी: थांबणे

टबात दगड पिकताहेत तोवर टँक मासे न घालता चालू ठेवा. अमोनियाचा थोडा स्रोत द्या, जुन्या फिल्टरचा स्पंज मिळाला तर तोही. घातलेला अमोनिया चोवीस तासांत शून्यावर येतो आणि नायट्राइटही शून्य दिसतं, तेव्हा ही विषारी द्रव्यं पचवणारे जीवाणू वाढून फिल्टर तयार झाला. साधारण चार ते सहा आठवडे. नंतरही घाई करू नका, टँकमधल्या काचा आणि दगडांवर तपकिरी थर दिसू द्या. काही गोगलगायी आधी सोडल्या तर हरकत नाही. पाहुणा आला आणि टँक ‘घाण’ आहे म्हणाला, की समजा वेळ जवळ आली.

चौथी पायरी: मासा निवडणे

आधी तो खरंच स्टिफोडॉन आहे का ते बघा. नावांवर जाऊ नका. ‘निऑन गोबी’ या नावाने समुद्रातला एक अगदी वेगळा मासाही विकला जातो, त्याला गोडं पाणी म्हणजे मृत्यू. ओढ्यातल्या चकतीवाल्या गोबींमध्येही दोन नातेवाईक गोंधळ घालतात. सिसिऑप्टेरस हा लहानपणी असाच दिसतो, पण दहा सेंटिमीटरच्या वर जातो आणि लहान टँकमध्ये दादागिरी करतो. त्याचं डोकं जड, वरचा ओठ जाड. सिसिओपस आकाराने स्टिफोडॉनएवढाच, नराच्या शरीराचा मागचा भाग बहुधा नारिंगी-लाल, तोंड मोठं आणि समोरच्या बाजूला. तो मांसाहारी आहे. त्याला शेवाळाचे दगड दिले तर तो त्यांच्यावर बसून उपाशी मरेल. एकाच पिशवीत दोन्ही आलेले मी पाहिलेत, आणि विकणाऱ्याला त्यातला फरक ठाऊक नव्हता.

मग पोट बघा. मासा काचेला चिकटलेला असतो हे इथे सोयीचं, खालून पोट सरळ दिसतं. चकतीच्या मागचा भाग सपाट किंवा किंचित फुगीर असेल तर ठीक. आत गेलेला, खोबणीसारखा असेल तर त्याच्या आतड्यांनी बहुतेक हार मानली आहे. वरून बघितल्यावर डोक्यामागे पाठ चिमटलेली दिसली तर तो मासा सोडा, मन कितीही कळवळलं तरी. दया म्हणून आणलेल्या तीन खंगलेल्या माशांपैकी माझा एकही वाचला नाही.

जो मासा काचेवरून पुढे सरकत, डोकं एका लयीत हलवत खरवडतोय, तो घ्या. एक नर आणि दोन-तीन माद्या हे चांगलं प्रमाण. सुरुवातीला पाच जणांत दोन नर ठेवा. एकटा नर रंग दाखवत नाही, दाखवणार कुणाला?

पाचवी पायरी: घरी आणणे

पिशवीतला वेळ कमी ठेवा, पिशवी गरम होऊ देऊ नका. तापमान जुळवायला पिशवी वीस मिनिटं टँकमध्ये तरंगवा, मग अर्ध्या तासात थोडं थोडं टँकचं पाणी मिसळा. पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतू नका. मासा पिशवीला किंवा भांड्याला चिकटून बसला तर ओढू नका, चकतीला इजा होते. जुनं प्लास्टिकचं कार्ड त्याच्या पोटाखाली हळूच सरकवा, तो सुटतो, आणि मग कप पुढे धरा. जाळ्यापेक्षा कप नेहमीच बरा.

नव्या माशांना दोन-तीन आठवडे वेगळं ठेवायचा नियम इथेही लागू, पण एका फरकाने. वेगळ्या टँकमध्येही पिकलेले दगड आणि जोराची हवा हवी. रिकाम्या काचेच्या डब्यात विलगीकरण केलं तर रोगाआधी भूकच मारेल. पहिल्या दिवशी दिवा बंद. दुसऱ्या दिवशी मासा दगडावर बसून खरवडताना दिसला की अर्धी लढाई जिंकलीत.

जेवण

पहिले दोन आठवडे फक्त दगड. एक दिवसाआड एक पिकलेला दगड आत, साफ झालेला बाहेर. या काळात खरवडल्याच्या खुणा बघायला शिका. तपकिरी थरावर छोट्या छोट्या फिकट टिकल्यांची रांग उमटते, जणू कुणी खोडरबर टेकवत गेलंय.

पुढे तयार अन्नाची ओळख करून द्यायची, कारण पाच-सहा गोबी घरच्या दगडांवर कायमच्या पोसल्या जाणं कठीण आहे. बुडून तळाशी बसणाऱ्या स्पिरुलिनाच्या (एका सूक्ष्म निळ्या-हिरव्या शेवाळाच्या) वड्या काही मासे लगेच घेतात, काही महिनाभर त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. मला सगळ्यात उपयोगी पडलेली युक्ती म्हणजे दगडावरच अन्न थापणं. पाव लिटर पाण्यात एक छोटा चमचा, म्हणजे सुमारे दोन ग्रॅम, अगरची (समुद्री शेवाळापासून केलेल्या, जेलीसारखं घट्ट करणाऱ्या पदार्थाची) पूड उकळून विरघळवा. हात लावता येईल इतकं निवलं, पण अजून गोठलेलं नाही, अशा वेळी त्यात तीन-चार चमचे स्पिरुलिना पावडर आणि उकडून वाटलेला थोडा पालक किंवा मटार घाला. हे मिश्रण कोरड्या, खरखरीत चपट्या दगडांवर ब्रशने पातळ लावा आणि फ्रिजमध्ये घट्ट होऊ द्या. अगर पस्तीस-चाळीस अंशांवरच घट्ट होतो आणि टँकच्या तापमानाला विरघळत नाही, त्यामुळे पाणी गढूळ होत नाही. जिलेटिन उन्हाळ्यात दगा देतं. असा दगड संध्याकाळी ठेवायचा आणि दुसऱ्या सकाळी उरलेलं खरवडून टाकायचं.

आठवड्यातून दोनदा अगदी बारीक गोठवलेलं अन्न द्या, म्हणजे सायक्लॉप्स, डाफ्निया किंवा आर्टेमियाची नुकती निघालेली पिल्लं, असे कोळंबीच्या नात्यातले पाण्यातले इवलेसे जीव. दगडावरच्या थरातही असे जीव थोडे असतातच. लाल रक्तकिड्यांचा रतीब मात्र नको. सतत थोडं थोडं खरवडणाऱ्या माशासाठी ते जड आहे.

अन्न पुरतंय का, याची एकच खात्रीची तपासणी आहे. दर रविवारी मासा काचेला चिकटला की पोट बघा आणि वहीत नोंद करा. फोटो काढला तर आणखी बरं, कारण रोज बघणाऱ्या डोळ्यांना हळूहळू होणारं वाळणं दिसत नाही. मला नव्हतं दिसलं.

सोबत कोण

या टँकमध्ये सगळ्यात शोभणारे सोबती तेच, जे ओढ्यातही तिच्यासारखेच समुद्रातून चढून येतात. अमानो कोळंबी आणि नेराइट गोगलगाय. या दोघांची पिल्लंही खाऱ्या पाण्यातून जातात, म्हणून दोघांनीही तुमच्या टँकमध्ये गर्दी होत नाही. नेराइट काचेवर पांढरी अंडी चिकटवत राहते, ती उबत नाहीत आणि निघतही नाहीत, सवय करून घ्या. पण हे तिघेही एकाच ताटात जेवणारे आहेत. पाच गोबींना चार कोळंब्या आणि दोन-तीन गोगलगायी, याहून जास्त नको.

वरच्या पाण्यात लहान, चपळ, प्रवाह आवडणारे डॅनिओ किंवा रासबोरा चालतात. ते वावरत असले की गोबीही उघड्यावर येते. डोंगरी ओढ्यातले चपटे लोच दिसायला अगदी जुळणारे, पण त्याच थरावर जगणारे. मोठा टँक आणि दोन टब असतील तरच त्यांचा विचार करा. सिक्लिड, मोठे बार्ब आणि तळाशी धसमुसळेपणा करणारे कॅटफिश नकोत.

नर आपसात भांडतात, पण ते बघण्यासारखं असतं. दोघं समोरासमोर येतात, पाठीचा पर शिडासारखा उभा करतात, तोंड आ वासतात, अंग थरथरवतात. क्वचितच इजा होते. एकच नर सतत फटीत दडून राहत असेल आणि फिकट झाला असेल, तर दगडांची मांडणी बदला. नजरेची रेषा तोडणारा एक मोठा गोटा मध्ये आला की बहुतेक वेळा तंटा मिटतो.

अंडी दिसली तर

पाच-सहा महिन्यांनी एखादा नर एका दगडाखालून हलेनासा होतो, रंग गडद होतो, जवळ येणाऱ्या कोळंबीवर धावून जातो. दगड उचलू नका. आत छताला शेकडो, कधी हजारो अगदी बारीक अंडी चिकटलेली असतील. काही दिवसांत ती फुटतात, आणि सकाळी दिव्यात धुळीसारखे कण पाण्यात दिसतात. ती पिल्लं आहेत. गोड्या पाण्यात ती काही दिवसच जगतात. त्यांना समुद्राच्या पाण्यात न्यावं लागतं आणि तिथे महिनोन्‌महिने डोळ्यांना न दिसणारं अन्न पुरवावं लागतं. सूक्ष्म शैवाल आणि त्याहून सूक्ष्म जीवांची वेगळी शेतीच उभारावी लागते. प्रयोगशाळेतल्या लोकांनाही हे सोपं जात नाही. मी एकदा बादलीत खारं पाणी करून पाहिलं, चौथ्या दिवशी बादली रिकामी होती.

काही बिघडलं तर

मासा पृष्ठभागाजवळ काचेला चिकटून, कल्ले भराभर हलवत असेल तर आधी प्राणवायूचा विचार करा. पंपाचा स्पंज तुंबलाय का ते पाहा, तो पिळा, मग अमोनिया तपासा. रंग गेलेला, पण खाणं चालू, तर तो घाबरलेला किंवा हरलेला नर आहे. अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके असतील तर मासा वेगळ्या टँकमध्ये काढूनच औषध द्या. तांबं असलेली औषधं कोळंबी आणि गोगलगायींना मारतात आणि दगडांवरचा थरही. मुख्य टँकमध्ये ती घातली तर दगड पिकवण्याची सगळी मेहनत परत पहिल्या दिवसापासून.

आणि पोट आत जायला लागलेलं दिसलं तर औषधांच्या बाटल्या शोधत बसू नका. टबातले सगळ्यात दाट दोन दगड त्या दिवशीच आत ठेवा, इतर खादाडांना काही दिवस दुसरीकडे हलवा, आणि दिव्याचा वेळ तासभर वाढवा. आठवड्याने पुन्हा फोटो काढून आधीच्या फोटोशेजारी ठेवा.